पृष्ठसंस्कार : वाळूपासून छर्‍यांपर्यंत

उज्जयिनीच्या उत्तर अंगाला, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ आहे. काळभैरवाच्या दर्शनाला आपण सारेच तेथे जात असतो. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी देवापुढे आपली पगडी ठेवून विजयाचे मागणे मागितले आणि पुढे मंदिराचा जीर्णोद्धार केला, ही परंपरागत कथा माळव्यातील मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दर्शन घ्यायचे, दीपमाळेकडे एकवार पाहायचे आणि परतायचे, असा आपला शिरस्ता. त्याच भैरवगढात छिपांची वस्ती आहे आणि तेथे कापडावर ठसे उमटवण्याचे काम फार पूर्वीपासून चालत आले आहे, याकडे मात्र आपले लक्ष उशिराच गेले. २०२३ साली उज्जैनच्या बाटिक छपाईला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा कोठे आपल्यापैकी पुष्कळांनी ती गल्ली पाहिली.

आम्हीही त्यांतलेच. तेथील एका वृद्ध कारागिरांना आम्ही विचारले, की या साऱ्या कामात अधिक वेळ कशाला लागतो? ठसा, मेण किंवा रंग असे काही उत्तर येईल, ही आमची अपेक्षा. त्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या कोऱ्या कापडाकडे बोट दाखवले. गिरणीतून आलेल्या कापडात खळ असते, ती धुऊन काढावी लागते. कापड भिजवावे, बडवावे, उन्हात वाळवावे लागते. ठशाच्या जुन्या रीतीत ते हिरड्याच्या पाण्यातून काढावे लागते. एवढे झाल्यावर ते रंग धरते. कापड तयार नसेल तर रंग नुसता वर बसतो, असे त्यांचे म्हणणे.

आमच्यासोबत आमचे एक आप्त होते. त्यांची नोकरीची सारी वर्षे पीथमपुरात मोटारींचे सुटे भाग घडवण्यात गेली. परतताना ते सहज म्हणाले, ‘आमच्याकडेही हेच. फक्त हिरड्याच्या जागी छर्रे.’ प्रस्तुत लेखाचा उगम त्या एका वाक्यात आहे.

छर्रे म्हणजे पोलादाचे बारीक गोल कण. ते मोठ्या वेगाने धातूच्या वस्तूवर मारून तिचा पृष्ठभाग स्वच्छ, खरबरीत वा बळकट करण्याच्या क्रियेला कारखान्यात ‘शॉट ब्लास्टिंग’ म्हणतात. मोटारीच्या इंजिनाचा ठोकळा, गिअर, मागचे-पुढचे आस, कमानपाटे, चॅसी, यांपैकी बहुतेक भाग या माऱ्यातून कधी ना कधी गेलेले असतात. साहित्यमंडळाच्या त्रैमासिकात असल्या विषयाचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आम्ही आजवर येथे घाट, वाडे, सरदारकी आणि संस्थाने यांवर पुष्कळ लिहिले. आपले पूर्वज माळव्यात लोखंड हाती घेऊनच आले होते, हेही लिहिले. मात्र आपली नातवंडे आज देवास-पीथमपूरच्या कारखान्यांत ज्या लोखंडाशी झुंजतात, त्याचा इतिहास आपल्या पानांवर आलेला नाही. तो यावा, आणि त्यातील एक दुखरी बाजूही यावी, एवढाच हेतू.

आरंभ घरापासून करू. आपल्यापैकी अनेकांकडे तांब्याचे एखादे जुने घंगाळ वा बंब अजून असेल. त्याच्या अंगावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खळगे एकमेकांना खेटून उठलेले दिसतात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत या कामाला मठारकाम म्हणतात. पेशवाईत कोकणातून येऊन पुण्यात वसलेल्या तांबटांनी ते जोपासले. आपण त्याला नक्षी समजतो. तांबट मात्र जाणतो, की भांडे घडून झाल्यावर त्याच्या अंगावर हातोडीचे असे नेमके ठोके बसले की पातळ, मऊ तांबे ताठ होते, भांडे सहज चेपत नाही. थंड धातूवर ठोके पडले की तो कठीण होतो. ही गोष्ट आपल्या तांबटांना आणि लोहारांना ग्रंथांवाचून ठाऊक होती. विळ्याची धार गेली की लोहार ती नुसती घासत नाही. ऐरणीवर ठेवून आधी ठोकतो.

घणाची ही विद्या माळव्यात जुनीच. धारच्या लाट मशिदीजवळ लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे पडलेले आहेत. ते जोडले तर लांबी तेरा मीटरच्या पुढे जाते आणि वजन सुमारे सात टन भरते. लोखंडाचे तापवलेले गोळे एकमेकांवर घणाने ठोकून तो स्तंभ घडवला होता. पुढे मराठी सत्तेच्या काळात घडाईच्या जोडीला ओतकाम आले. महादजींच्या चाकरीतील द बॉइन याच्या फौजेसाठी सँगस्टर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाच्या देखरेखीखाली आग्र्याला तोफा ओतल्या जात. ओतीव वस्तूची एक अडचण मात्र सार्वकालिक आहे. साच्यातून बाहेर निघते तेव्हा तिच्या अंगाला भाजलेली माती आणि वाळू चिकटलेली असते, वर ऑक्साइडची खपली असते. ती छिन्नी, कानस आणि ब्रश यांनी खरवडून काढण्यात माणसांचे दिवस जात. आजही ओतशाळांत या कामाला ‘फेटलिंग’ म्हणतात आणि ते कंटाळवाण्या कामांतले पहिले समजले जाते.

या खरवडण्याला उतारा सापडला तो फिलाडेल्फियात. बेंजामिन च्यू टिल्घमन हे अमेरिकी यादवी युद्धात लढलेले सेनाधिकारी. वाऱ्याने उडालेल्या वाळूमुळे काचा अंध झालेल्या त्यांनी पाहिल्या आणि त्यावरून त्यांना कल्पना सुचली, असे सांगतात. १८७० साली त्यांनी वाफेच्या वा हवेच्या झोतातून वाळू मारण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. आरंभी तिचा उपयोग काचेवर नक्षी आणि दगडावर अक्षरे कोरण्यासाठी झाला; लवकरच ती ओतशाळेत शिरली. जे काम छिन्नीला तासन्‌तास पुरे ते वाळूचा झोत काही मिनिटांत करू लागला.

योगायोग असा, की त्याच १८७० साली प्रशियात ऑगस्ट व्योलर या रेल्वे-अभियंत्याने आपल्या दीर्घ प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा विषय होता धातूचा थकवा. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. मोडलेला आस कच्च्या लोखंडाचा नव्हता, त्यावर भारही अवाच्या सवा नव्हता. तरी तो मोडला. का, हे कोणालाच सांगता येईना. व्योलर यांनी आस पुन्हापुन्हा वाकवणारी यंत्रे बांधली आणि दाखवून दिले, की एका झटक्यात जो भार धातू लीलया पेलतो, तोच भार लाखो वेळा येत-जात राहिला तर धातू हार खातो. पुढच्या संशोधकांनी त्यात भर घातली. ही हार बहुधा पृष्ठभागावर सुरू होते. एखादा ओरखडा, एखादी बारीक खाच, तेथे केसाएवढी चीर उघडते, प्रत्येक फेऱ्यागणिक थोडी पुढे सरकते, आणि एके दिवशी भाग दुभंगतो.

टिल्घमन यांना पृष्ठभाग स्वच्छ करायचा होता; व्योलर यांच्या प्रयोगांतून आयुष्य पृष्ठभागावर ठरते हे कळू लागले होते. या दोन वाटा एकत्र यायला साठ वर्षे लागली. मधल्या काळात समज असा होता, की थकव्याला जपायचे तर भाग आरशासारखा गुळगुळीत करावा. ओरखडाच नसेल तर चीर कोठून उघडणार? हा तर्क सरळ होता आणि बऱ्याच अंशी खराही होता. मात्र मोटारीच्या इंजिनाने त्याची मर्यादा दाखवली.

व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचे उदाहरण घ्यावे. चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर ती स्प्रिंग मिनिटाला दीड हजार वेळा दबते आणि सुटते. इंदूरहून पुण्याकडे निघालेली मोटार दहा तास त्याच गतीने चालली तर स्प्रिंग नऊ लाख वेळा दबली. वेगवान मोटारींत या स्प्रिंगा पटापट मोडत. १९३० च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ब्यूइक विभागात शर्यतीच्या मोटारींच्या स्प्रिंगांवर छर्रे मारून पाहण्यात आले. पृष्ठभाग खळग्याखळग्यांचा झाला, जुन्या समजुतीप्रमाणे तर बिघडलाच. पण स्प्रिंगा टिकल्या. त्याच सुमारास जर्मनीत ऑटो फ्योपल पृष्ठभाग दाबून, ठोकून थकवा लांबवता येतो का, हे तपासत होते. ब्यूइकमध्ये काम करणारे जॉन ऑल्मेन यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. पातळ पत्र्याच्या एकाच बाजूला छर्रे मारले की पत्रा त्या बाजूला फुगीर होऊन वाकतो.

हे वाकणेच सारे कोडे उलगडते. प्रत्येक छर्रा पृष्ठभागावर इवलासा खळगा पाडतो आणि तेथील धातू आडवा पसरू पाहतो. खालचा थर मात्र जागचा हललेला नसतो. तो वरच्या थराला पसरू देत नाही. परिणामी वरचा थर चहूबाजूंनी आवळला जातो. या आवळलेल्या थराची खोली बहुधा मिलिमीटरच्या काही दशांशांहून अधिक नसते. तेवढी पुरते. चीर उघडायची तर ओढ लागते. दाबाखाली असलेल्या धातूत चीर उघडत नाही. आपल्या घाटांवरील दगडी कमानी चुन्याच्या जोरावर उभ्या नाहीत, प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो म्हणून त्या उभ्या आहेत. छर्‍यांनी ठोकलेल्या स्प्रिंगचे तसेच. बळकटीसाठी केलेल्या या माऱ्याला ‘शॉट पीनिंग’ असे निराळे नाव आहे. पीनिंग हा शब्द हातोडीच्या गोल डोक्यावरून आला. आमच्या मते त्याला मराठीत मठारणे म्हणण्यास हरकत नसावी. कसबा पेठेतील तांबट जे करतो तेच हे, केवळ हातोडीच्या जागी लक्षावधी छर्रे आहेत.

ऑल्मेन यांनी पत्र्याच्या त्या वाकण्याचेच माप केले. ७६ मिलिमीटर लांब व १९ मिलिमीटर रुंद अशी पोलादी पट्टी भागांसोबत माऱ्यात धरायची आणि ती किती वाकली यावरून मारा पुरेसा झाला की नाही ते ठरवायचे. आजही जगभरच्या कारखान्यांत ‘ऑल्मेन पट्टी’ वापरली जाते. पीथमपूरच्या आमच्या आप्तांनी आपल्या टेबलाच्या खणातून अशी एक वापरलेली पट्टी काढून आम्हांस दिली. ती हातात घेतली तर एखाद्या जुन्या फूटपट्टीला उन्हाने बाक यावा, तशी दिसते.

यंत्राचेही थोडे सांगावयास हवे. जुन्या पद्धतीत दाबलेल्या हवेच्या नळीतून झोत मारीत. १९३० च्या दशकात पात्यांच्या चाकाची यंत्रे रूढ होऊ लागली. लोखंडी खोलीच्या भिंतीत हे चाक मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी फिरते. त्याच्या मध्यावर छर्रे पडतात आणि पात्यांवरून सेकंदाला साठ ते ऐंशी मीटर वेगाने, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक गतीने, आकड्यांना टांगलेल्या भागांवर आदळतात. आदळून खाली पडलेले छर्रे तळाशी गोळा होतात. बादल्यांची एक माळ रहाटगाडग्याप्रमाणे त्यांना वर नेते. वाटेत हवेच्या झोताने धूळ आणि फुटके कण पाखडले जातात. चांगले छर्रे पुन्हा चाकावर येतात. सूप आणि रहाट, दोन्ही ओळखीचे. पाखडलेली धूळ कापडी पिशव्यांच्या गाळणीत साठते. मोटारीच्या कामात साधारणतः अर्धा ते एक मिलिमीटर व्यासाचे पोलादी छर्रे वापरतात.

भागपरत्वे हेतू बदलतो. ओतीव ठोकळ्यावर छर्रे मारायचे ते चिकटलेली वाळू काढण्यासाठी, कारण तीच वाळू पुढे इंजिनाच्या तेलात उतरली तर आतला गुळगुळीत पृष्ठभाग खाऊन टाकील. घडीव आसावर मारायचे ते तापवताना बसलेली खपली उडवण्यासाठी. चॅसीवर मारायचे ते रंग धरावा म्हणून. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागते, एरवी दाणा घसरतो. लोखंडाला टाकी लागली की रंगाचे तसे घसरणे थांबते. लोखंड किती स्वच्छ झाले हे ओळखण्यासाठी स्वीडनमध्ये चित्रांची प्रमाणे तयार झाली, तीच पुढे आंतरराष्ट्रीय मानकात आली. म्हणूनच आपल्याकडील लहानशा रंगशाळेतला कामगारही ‘एसए अडीच’ असे बोलताना ऐकू येतो. हा स्वच्छ, राखाडी पृष्ठभाग फार हळवा असतो. पावसाळ्यात काही तासांत त्यावर तांबूस झाक येते, म्हणून तो लगोलग रंगवावा लागतो. भैरवगढचे कारागीर तयार कापडाला हात लावू देत नाहीत, त्यामागेही असेच काही असावे.

आता आपल्याकडे वळू. १९१० साली औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर ओतले, तेव्हा मराठी माणूस आधुनिक ओतकामात उतरला. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. १९६० च्या दशकात टेल्कोचा पुण्याचा कारखाना सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. १९६१ साली स्थापन झालेल्या भारत फोर्जने मुंढव्याला क्रँकशाफ्ट आणि पुढचे आस घडवायला घेतले. कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळा मोटारींची ओतीव कामे देशभर पुरवू लागल्या. या साऱ्या ठिकाणी ओतकाम व घडाईनंतरची पायरी छर्‍यांची.

माळव्यात हे वारे दोन टप्प्यांनी आले. आधी देवास. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे हे गाव उज्जयिनीपासून जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. तेथे किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप आणि गजरा गिअर्सचे मोटारींचे गिअर तयार होऊ लागले. गिअरचा दात हा थकव्याचा आवडता घास. दाताच्या मुळाशी ओढ एकवटते आणि चीर तेथेच उघडते. म्हणून दात कठीण केल्यानंतर त्याच्या मुळाशी छर्रे मारणे ही चांगल्या गिअरची ओळख ठरली. दुसरा टप्पा १९८० च्या दशकातला. पवारांच्याच धारच्या मुलखात पीथमपूर उभे राहिले. बजाज टेम्पो, आयशर, हिंदुस्तान मोटर्स, कायनेटिक होंडा असे कारखाने तेथे आले. यांतील बजाज टेम्पो, म्हणजे २००५ पासूनची फोर्स मोटर्स, आणि कायनेटिक या दोन्हींमागे फिरोदिया घराणे होते, आणि ते घराणे मूळ अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. ज्या जिल्ह्यातील चौंडीहून अहिल्याबाई माळव्यात आल्या, त्याच जिल्ह्याने अडीचशे वर्षांनी माळव्याला मोटारी दिल्या, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. २०२१ साली पीथमपुरात ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी-मार्ग सुरू झाला. पूर्ण मोटार किती दमते, हे आता तेथेच मोजता येते.

येथवरची कथा अभिमानाने सांगण्याजोगी आहे. तिची दुसरी बाजू वाळूत आहे. टिल्घमन यांच्या झोतात वाळू होती, आणि वाळू म्हणजे सिलिका. लोखंडावर आदळून तिचा जो भुगा होतो, त्यातले अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. शरीर त्यांना गिळू पाहते, गिळणाऱ्या पेशी मरतात, त्या जागी वण उठतात, आणि वण वाढतच राहतात. माणसाने ते काम सोडले तरी ते थांबत नाहीत. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर बरे करणारे औषध आजही नाही. क्षयाला तो दार उघडून देतो. ब्रिटनने १९४९ साली ओतीव वस्तूंवर वाळूचा झोत मारण्यास नियमाने बंदी केली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमात सिलिकोसिस हा कळवणे सक्तीचे असलेल्या रोगांच्या यादीत होता, आणि राज्यांच्या नियमांत झोताने धातू साफ करण्याचे काम धोकादायक प्रक्रियांत मोडत आले आहे. पोलादी छर्रे आणि बंद खोलीचे यंत्र यांचा प्रसार होण्यात वेगाचा आणि खर्चाचा वाटा होताच. वाळूने मारलेल्या माणसांचाही होता. यंत्रविद्येच्या इतिहासात ही नोंद क्वचितच पहिल्या पानावर येते.

कोणी म्हणेल, हे सारे परदेशचे आणि जुने. तसे नाही. आपल्या पिढीने पाटीवर श्रीगणेशा गिरवला, तो बव्हंशी मंदसौरच्या पेन्सिलीने. त्या पेन्सिली ज्या दगडातून कापीत, त्यात सिलिका भरपूर. कापणाऱ्या करवतीसमोर बसलेली माणसे ती धूळ ओढीत राहिली. १९८० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांत सिलिकोसिस आढळला. ज्या माळव्यात आपण अक्षरे गिरवीत होतो, त्याच माळव्यात आपल्या अक्षरांची किंमत कोणी श्वासाने मोजीत होते, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. झाबुआ-अलीराजपूरकडील आदिवासी गुजरातेतील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि तोच रोग घेऊन परतले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश दिला. कापडही यातून सुटलेले नाही. जीनच्या विजारी जुनाट दिसाव्यात म्हणून तुर्कस्तानात त्यांवर वाळूचा झोत मारीत. तरुण कामगार दगावू लागले, तेव्हा २००९ साली तेथे ती रीत बंद करण्यात आली.

आम्ही स्वतः पाहिलेलेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीच्या कडेला, पत्र्याच्या आडोशाखाली, एक तरुण लोखंडी चौकटीवर नळीने वाळू मारीत होता. तोंडावर गमछा गुंडाळलेला, भुवया पांढऱ्या. छर्‍यांचे यंत्र का नाही, असे विचारले तर मालकांनी हिशोब सांगितला. नदीची वाळू स्वस्त, छर्रे महाग, यंत्र त्याहून महाग. हिशोब चुकीचा नव्हता. त्या तरुणाचे फुप्फुस त्यात कोठेच लिहिलेले नव्हते, इतकेच. त्या वेळी आम्ही काही बोललो नाही. आडोशाबाहेर उभे राहून रुमालाने नाक झाकले आणि निघून आलो. लेखाला उशीर झाला, त्याचे एक कारण हेही आहे.

पृष्ठभाग म्हणजे वरवरचे, बाह्य, दिखाऊ, असा अर्थ आपली भाषा गृहीत धरते. ‘वरवरचा माणूस’ ही आपल्याकडे निंदा आहे. धातूचा दीडशे वर्षांचा इतिहास निराळे सांगतो. वस्तू मोडते ती वरून मोडू लागते, आणि टिकते तीही वरच्या त्या केसभर थरामुळे. पृष्ठावरचा संस्कार हा म्हणून शेवटचा हात नसतो, वस्तूचे आयुष्य ठरवणारा असतो. माणसाच्या शरीरातही असा एक पृष्ठभाग आहे. फुप्फुसाच्या वायुकोशांचे अस्तर उलगडले तर घराच्या अंगणाहून मोठे भरते, आणि ते धातूहून कितीतरी नाजूक. एका पृष्ठावर संस्कार करताना दुसऱ्याचा विध्वंस होत असेल, तर त्या कारागिरीला पूर्ण कारागिरी म्हणता येत नाही. उज्जयिनीजवळ आता विक्रम उद्योगपुरी उभी राहत आहे. तेथे जाणाऱ्या मुलामुलींना घरातील वडीलधाऱ्यांनी पगार किती, असे विचारावेच. तेथे झोताला काय वापरतात, धूळ कोठे जाते, हेही विचारावे.

गेल्या खंडेनवमीला आमच्या आप्तांनी आम्हांस देवास मार्गावरील एका लहान ओतशाळेत नेले. पूर्वी या दिवशी आपल्या वाड्यांतून तलवारी बाहेर निघत, विटेच्या पुडीने घासून लखलखीत होत. येथे छर्‍यांच्या यंत्राला झेंडूचा हार होता, चाकाच्या झाकणावर स्वस्तिक काढले होते. पूजा करणारा कामगार पुढचा भाग आटोपून यंत्राच्या मागे गेला, आम्हीही गेलो. तेथे धूळ गाळणाऱ्या पिशव्यांची पेटी उभी होती. त्याने तिलाही हळदकुंकू वाहिले, एक नारळ तिच्यापुढे फोडला आणि हात जोडले. हिला का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, ‘साहेब, पुढचं यंत्र मालकाचं. हे आमचं.’